भांगेच्या पानाची अंबाडी: पेऱ्यापासून वाखापर्यंत

अंबाडी या एका नावाखाली आपल्याकडे दोन पिकं चालतात. लालसर देठांची, जिच्या मांसल बोंडांचं सरबत होतं ती हिबिस्कस सॅबडारिफा. दुसरी मुख्यतः वाखाची, म्हणजे सालीतून निघणाऱ्या दोरखंडाच्या धाग्याची, हिबिस्कस कॅनाबिनस. हिची शेंड्याकडची पानं भांगेसारखी फाटलेली असतात, म्हणूनच शास्त्रज्ञांनी ‘कॅनाबिनस’ नाव ठेवलं. इथे सांगतो ती ही दुसरी.

बांधावर लावली की हटकून कुणीतरी विचारतं, ‘ही गांजाची का?’ फरक सोपा आहे. भांगेच्या पानाची बोटं देठापर्यंत सुटी असतात, अंबाडीची बुडाशी जोडलेली. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात, पान चावलं तर आंबटसर लागतं, आणि फूल भेंडीसारखं, फिकट पिवळं, मध्ये गर्द लाल. भांग लावायला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली परवाना लागतो. हिला काहीच लागत नाही, कारण ती भेंडीच्या कुळातली.

पेरा मृगाच्या पावसावर उरकावा. हे पीक दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं, वय कितीही असो. जुलै संपताना पेरलेली अंबाडी कमरेएवढी असतानाच फुलते आणि वाख आखूड पडतो. मग खत टाकून काही उपयोग नाही. गुंठ्याला १२५ ते १५० ग्रॅम बी, दोन ओळींत ३० सेंटिमीटर, खोली दोन-तीन सेंटिमीटर. तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर ठेवा. उपटलेली रोपं भाजीला घ्या. याहून विरळ ठेवली तर फांद्या फुटतात, आणि फांदी फुटली तिथे धागा तुटतो. युरिया गुंठ्याला पाऊण ते एक किलो, निम्मा पेरताना, निम्मा विरळणीनंतर. पाणी साचू देऊ नका, बुंधा कुजतो.

भाजी करताना पाला उकडून पाणी टाकून द्या, मग कण्या आणि लसणाची फोडणी. तांब्या-पितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पाला शिजवू नये. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानंच खावी.

वाखासाठी शेतातली निम्मी झाडं फुलली की कापा. आधी कापलं तर धागा कच्चा, बी धरू दिलं तर राठ. पेंढ्या बांधून दोन-तीन दिवस शेतातच उभ्या ठेवा, पाला झडतो. बुंध्याची साल जाड असते, म्हणून पेंढ्या पहिले दोन-तीन दिवस पाण्यात बुडाकडून उभ्या ठेवायच्या आणि मग आडव्या करून पूर्ण बुडवायच्या. वर दगड किंवा लाकडं ठेवा. चिखल किंवा केळीचे खुंट ठेवले तर वाख काळा पडतो.

आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून पाहा. बुंध्याकडची साल चिमटीत धरून ओढायची. काडीला चिकटून तुटली, तर अजून वेळ आहे. एका ओढीत सरसर शेंड्यापर्यंत निघाली आणि बोटांत चोळल्यावर धागे सुटे झाले, तर त्याच दिवशी सगळा माल बाहेर काढा. पाणी कोमट असेल तर हे दहा ते पंधरा दिवसांत होतं, गार असेल तर लांबतं. दोन दिवस चुकले तर धागा हातात येतो पण पीळ देताना तुटतो, आणि कासऱ्याला असला वाख कामाचा नाही. साल सोलून, वाहत्या पाण्यात आपटून धुवा आणि बांबूवर पसरून वाळवा. शंभर किलो हिरव्या खोडांतून पाचेक किलो कोरडा वाख निघाला तर ठीक समजा. उरलेल्या सणकाड्या चुलीला.

बियाण्याची झाडं वेगळीच राखावीत. बोंडांवर खाजरी लव असते. हात झाकून, बोंडं उकलण्याआधी, सकाळच्या दवात तोडा.