नवीन डेस्कटॉप सारखा गंडतोय? कोकणातल्या घरात काय आणि कुठल्या क्रमाने बघायचं

नवीन पीसी घरात आला की पहिले आठ दिवस कौतुकात जातात, आणि मग एका दिवशी स्क्रीन एकदम काळी होऊन परत येते, माउस अडकतो, नाहीतर चालू कामात मशीन आपोआप रिस्टार्ट होतं आणि आपण म्हणतो, नवीन आहे, बसेल हळूहळू. बसत नाही हो. पहिल्या महिन्यात जे मशीन त्रास देतं ते पुढेही देणार, आणि वॉरंटी ताजी आहे तोवरच त्याचा छडा लावून घ्यायचा असतो.

माझा डेस्कटॉप फेब्रुवारीत आला. भाच्याने पुण्यात पार्ट घेऊन जोडला आणि कुंभार्ली घाट उतरून गाडीच्या डिकीतून गुहागरला आणून दिला. होमस्टेची बुकिंग, आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, मुलीचा अभ्यास सगळं त्याच्यावरच. दीड महिना मी त्याच्या मागे होते आणि शेवटी कळलं की बिघाड एक नव्हता, दोन होते, एकमेकांशी काही संबंध नसलेले. म्हणून काहीही केलं तरी "अजून होतंच आहे" असंच वाटायचं. पहिला उपाय खरं तर बरोबर होता, पण त्रास पूर्ण थांबला नाही म्हणून भाचा म्हणाला मावशी काढ ते, त्याने काही होत नाहीये, आणि मी काढलाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी एक वही घ्या. तारीख, वेळ, नक्की काय झालं, मशीनवर तेव्हा काय चालू होतं, आणि घरात तेव्हा काय चालू होतं. हे शेवटचं कोणी लिहीत नाही, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. माझ्या वहीतल्या चार ओळी अशा होत्या: १४ मार्च, संध्याकाळी ६.१०, रिस्टार्ट, एक्सेल उघडं. १५ मार्च, ६.०५, रिस्टार्ट, काहीच उघडं नाही. १६ मार्च, दुपारी ३, निळी स्क्रीन, मुलगी व्हिडिओ बघत होती. १७ मार्च, ६.१५, रिस्टार्ट. संध्याकाळचे तिन्ही एका वेळेचे, आणि सहाच्या सुमाराला आमचे मामंजी वाडी शिंपायला पंप लावतात. दुपारची निळी स्क्रीन त्यात बसत नाही. हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं, पण तेव्हा मी चारही एकाच खात्यात टाकले.

वहीच्या जोडीला विंडोजचीही स्वतःची वही असते. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी येते, त्यात दिवसवार लाल फुल्या दिसतात, कुठल्या दिवशी काय पडलं ते. त्याहून खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. तिथे कर्नल पॉवर ४१ अशी लाल नोंद असेल. नाव वाचून बरेच जण लगेच एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, बदलायला निघतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, का ते त्यात नसतं. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड बघा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं आणि आपणच बटण दाबून बंद केलं. शून्य नसेल तर विंडोज कोसळून निळी स्क्रीन आली होती, म्हणजे रॅम, ड्रायव्हर, डिस्क त्या बाजूला शोधायचं. माझ्याकडे संध्याकाळचे तिन्ही शून्य निघाले आणि दुपारचा नव्हता. दोन बिघाड आहेत हे खरं तर तिथेच लिहिलेलं होतं.

आता वीज. पुण्यामुंबईच्या माणसाला सांगून हे पटत नाही, पण आपल्याकडे मशीन उघडायच्या आधी विजेचा बोर्ड बघावा. पीसीच्या एसएमपीएसमध्ये वीज गेल्यावर मशीन तग धरून राहावं म्हणून थोडा साठा असतो, तो पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरतो. बल्ब नुसता लुकलुकतो तेवढ्यात तो संपू शकतो. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, लाईन लांबची असेल तर तेवढ्यापुरतं व्होल्टेज खाली बसतं. वायरमन दादांना बोलावून सॉकेटवर मीटर लावून बघितलं तर पंप नसताना २१८, आणि मामंजींनी पंप लावला त्या क्षणी १७२. मग एसएमपीएसवरचा स्टिकर वाचला, इनपुट २०० ते २४० व्होल्ट. तुमचाही वाचून घ्या. काहींवर १०० ते २४० असतं, ते खालचं व्होल्टेज सहन करतात, स्वस्तातले बरेचसे २०० च्या खाली भरवशाचे नाहीत.

दादांनी मीटरकडचा बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू हिरवा पडलेला, कळकलेल्या पितळी भांड्यासारखा, आणि सैल. समुद्र घरापासून दोन वाड्या पलीकडे, खाऱ्या हवेत पितळेचं असंच होतं. स्क्रू बदलून वायर छिलून परत आवळली तर पंपाच्या वेळचं व्होल्टेज १९६ वर आलं. हे काम स्वतः करायला जाऊ नका, मेन स्विच पाडला तरी मीटरच्या बाजूला वीज असतेच.

उरलेल्याला यूपीएस. घेताना त्यात एव्हीआर आहे ना ते विचारा, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज तो बॅटरीवर न जाता सांभाळतो. साध्या ऑफिस कामाच्या मशीनला ६०० व्हीए पुरतो, ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० च्या वरचा बघा, आणि प्रिंटर, विशेषतः लेझर, त्याच्यावर लावू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मागे एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. नॉर्मलमध्ये इन्व्हर्टर सावकाश बदलतो, पंख्याला कळतही नाही पण पीसी रिस्टार्ट होतो. स्विच यूपीएसवर करा. निम्म्या घरांत एवढ्याने काम होईल असं माझं मत आहे.

अर्थिंगचं वेगळं सांगते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटाला मुंग्या येतात का? स्पीकर गुणगुणतो, यूएसबी मध्येच सुटतं? मग अर्थिंग नीट नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज नेहमी अर्थकडे जात असते, तिला वाट मिळाली नाही की ती पत्र्यावर राहते. आपली जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही, मार्च-एप्रिलमध्ये अर्थचा खड्डा कोरडा ठक्क पडतो. त्यात पाणी घालायचं असतं, आमच्याकडे ते कोणी वर्षानुवर्षं घातलं नव्हतं. दादांना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीनच्या आत हवं.

आणि वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की नुसतं स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. मदरबोर्ड त्या वायरीतूनही जळतो.

तर यूपीएस लावल्यावर संध्याकाळचे रिस्टार्ट थांबले, पण चौथ्या दिवशी परत निळी स्क्रीन. इथेच मी यूपीएस काढून बाजूला ठेवला आणि दहा दिवस फुकट गेले. वहीत आधी किती वेळा काय होत होतं आणि आता काय होतंय ते प्रकारानुसार मोजा. एक प्रकार पूर्ण बंद झाला असेल तर उपाय लागू पडलाय, तो तसाच राहू द्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मागे लागा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला दोन-तीन दिवस द्या.

दुसरं म्हणजे घाट. मशीन कुरिअरने किंवा गाडीने आलंय तर आतले पार्ट हललेले असू शकतात हे धरूनच चाला. दुकानातून असेंबल करून आणलं असेल आणि कॅबिनेटवर सील असेल तर आधी दुकानाला फोन करून विचारा, सील तोडल्यावर वॉरंटीवरून कटकट नको. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, मग बाजूचा पत्रा उघडा. रॅमच्या स्टिक काढून परत बसवा, टक असा आवाज आला पाहिजे. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. ग्राफिक्स कार्ड आणि त्याची पॉवर केबल दाबून बघा. मॉनिटरची केबल कार्डमध्येच आहे ना? मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावली तर कार्ड नुसतं बसून राहतं, आणि गेम अडकतो म्हणून लोक कार्डला दोष देतात. डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर हात लावल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, बोर्ड रॅम जुळवून घेत असतो, घाबरून बंद करू नका.

एवढ्यावर निळी स्क्रीन थांबली नाही तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून बघा. रॅमवर छापलेला मोठा स्पीड त्याने मिळतो, पण ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणंच आहे आणि प्रत्येक बोर्डाला झेपतं असं नाही. ते बंद करूनही निळी स्क्रीन येत असेल तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घ्या, त्यावरून मशीन सुरू करा, रात्री लावून झोपा. चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकसुद्धा एरर आली तरी रॅम नापास, "एकच तर आहे" असं नसतं त्यात. मी सकाळी उठून बघितलं तर स्क्रीनवर लाल ओळींची रांग. मग एकेक स्टिक वेगळी तपासली, पहिली स्वच्छ, दुसरी लाल, दुसरी वेगळ्या स्लॉटमध्ये लावली तरी लालच. म्हणजे स्लॉट नाही, स्टिकच खराब. भाच्याने बदलून आणली आणि तेव्हापासून निळी स्क्रीन आली नाही.

विंडोजकडे मी मुद्दाम शेवटी येतेय, कारण सगळे सुरुवात तिथून करतात. फॉरमॅट मारून विंडोज परत टाकणं हा पहिला उपाय नाही, खराब रॅमवर नवीन विंडोज टाकलं तर तेही खराबच बसतं. आधी फास्ट स्टार्टअप बंद करा, कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये आहे. ते चालू असताना शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण ताजं सुरू होत नाही, जुनी अडकलेली स्थिती उद्या परत येते, रिस्टार्ट केलं तरच सगळं नव्याने लोड होतं. ड्रायव्हर मदरबोर्ड आणि कार्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, ड्रायव्हर अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअर नकोत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला असेल, स्क्रीन मध्येच काळी होऊन येत असेल, तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना साफ करून नवा टाका, पण त्याआधी केबल बदलून बघा. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टपासून लांब लावा, त्या पोर्टमधून माउसच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो.

प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या जनरेशनचा असेल तर बायोस अपडेट आहे का ते आधी बघा. त्यातल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होत होते, २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य करून मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून दिला, वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, म्हणून ते यूपीएसवरच करा.

तापमानाचं थोडक्यात: एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरने प्रोसेसरचं बघा, नुसतं बसलेलं असताना ८०-९० अंश दाखवत असेल तर कूलर नीट बसला नाही किंवा त्याच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली.

दुकानात परत न्यायची वेळ आली तर "हँग होतो" एवढंच सांगू नका. वहीचे फोटो, मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा फोटो, बिल आणि पार्टचे सिरीयल नंबर घेऊन जा, मग "इथे तर नीट चालतोय" हे उत्तर मिळणं अवघड होतं. तरी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि मशीन परत घाट चढणार असेल तर जड ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं ठेवा, कॅबिनेट मदरबोर्डची बाजू खाली करून आडवं झोपवा आणि खाली एक जुनी गोधडी घाला.