मोर्चाची बातमी कशी तपासावी

जिल्हाधिकारी कार्यालयावर खासगीकरणाविरोधात किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशीच्या पुण्याच्या वर्तमानपत्रांत बहुधा एक छोटी चौकट येते आणि तिच्यात मागण्यांपेक्षा वाहतूक कोंडीला जास्त ओळी मिळालेल्या असतात. म्हणून बातमी हाती घेताच आधी मागणी शोधावी. ती सापडली नाही, तर वार्ताहराने मोर्चा चौकातल्या सिग्नलपाशी उभे राहूनच पाहिला, असे समजायला हरकत नाही.

त्यानंतर घटनाक्रम कागदावर वेळेनिशी मांडावा. ‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ या नेहमीच्या वाक्यात कारण आधीच गृहीत धरलेले असते. दगड आधी आला की लाठी, हे त्यातून कळत नाही. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी सिएटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा रस्ता अडवून बसलेल्यांवर पोलिसांनी सकाळीच अश्रुधूर सोडला होता आणि दुकानांच्या काचा त्यानंतर फुटल्या. पुढे मात्र काचांमुळेच अश्रुधूर सोडावा लागला, अशी समजूत रूढ झाली. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १४८ नुसार बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो, आणि जमाव पांगला नाही तर बळाचा वापर करता येतो. तेव्हा आदेश कोणी दिला, तो मागच्या रांगांपर्यंत ऐकू गेला का आणि पांगायला किती वेळ मिळाला, ही तीन उत्तरे बातमीत आहेत का, ते पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे माहिती कोणाकडून आली, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त सावध राहावे लागते. १ एप्रिल २००९ रोजी लंडनमध्ये जी-२० परिषदेविरुद्ध भांडवलशाहीविरोधी निदर्शने चालू असताना इयान टॉमलिन्सन हा वृत्तपत्रविक्रेता घरी जाताना कोसळून मरण पावला. त्याला मदत करणाऱ्या पोलिसांवर बाटल्या फेकल्या गेल्या, असे पोलिसांच्या निवेदनात होते. पहिल्या शवविच्छेदनात हृदयविकाराचे कारण दिले गेले. ७ एप्रिलला ‘गार्डियन’ने प्रसिद्ध केलेल्या चित्रीकरणात मात्र खिशात हात घालून पाठमोरा चालणाऱ्या टॉमलिन्सनला एक पोलीस मागून दांडक्याने मारतो आणि खाली ढकलतो, हे स्पष्ट दिसले. २०११ मध्ये मृत्यूच्या चौकशीतील ज्यूरीने ही बेकायदेशीर हत्या ठरवली, तर २०१२ मध्ये फौजदारी खटल्यात तो पोलीस निर्दोष सुटला. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवूनच वाचावेत. सोयीचा तेवढाच सांगणारे दोन्ही बाजूंना असतात.

आपण स्वतः तिथे असाल आणि चित्रीकरण केले असेल, तर मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत दर्जा घटतो आणि वेळ-स्थळाची नोंदही सहसा उरत नाही.

गुन्हा दाखल झाला असेल तर बातमीतल्या कलमांवर विसंबू नये. संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) साधारणतः चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, त्यामुळे तो महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधता येतो. ‘जमावबंदीचा भंग’ असे लिहिले असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा आदेश मोर्चाच्या तारखेला लागू होता का, हे पडताळावे. असा मनाई आदेश राज्य शासनाच्या मंजुरीविना पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही.

शेवटी कात्रणावर तारीख घालून ते ठेवून द्यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा काढावे. मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या जलवाहिनीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि त्याची न्यायालयीन चौकशी झाली. अशा चौकशीचे पुढे काय झाले, हे पहिल्या पानावर येईलच असे नाही. ते माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारता येते, आणि त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते.