बेळगावातून जुनी स्पोर्ट्स कार घेऊन किनारा फिरायचा तर

पहिलं म्हणजे पावसाळ्यात नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बघा, आणि आंबोलीवरनं सावंतवाडीला उतरून वेंगुर्ल्यात मुक्काम टाका, मग पुढं एनएच 66 धरून कारवार, गोकर्ण, मुर्डेश्वर. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका हो, सेकंड गिअर टाका, जुने ड्रम ब्रेक तापले की पकडतच नाहीत. डिकीत फॅनबेल्ट, इंजिनात ठिणगी पाडायला लागणारे पॉइंट्स आणि कंडेन्सर, पाण्याचा कॅन पाहिजेच, वाटेत कुठं मिळायचे हे पार्ट! आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप खराब होतात, ते आधीच बदलून घ्या. बुटकी गाडी, स्पीडब्रेकर तिरकाच घ्यायचा. रोज संध्याकाळी खालून गोड्या पाण्यानं धुवा, खारा वारा पत्रा खातो. आणि कुंद्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईच्या, डब्याला जागा ठेवा की.