मिनिमम ड्यू भरूनही क्रेडिट कार्डची बाकी उतरत नव्हती, शेवटी असं जमलं
दर महिन्याला मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम) भरायचो तरी बाकी तेवढीच, डोकं फिरायची वेळ. ऑफर बघून ॲपवरून त्याच कार्डानं किराणा घेतला, उलट खर्च वाढला. मेख अशी की जुनी बाकी असली की नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तेल-साखरेवरही पहिल्या दिवसापासून व्याज, वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी.

मग आधी सगळ्या ॲपमधून कार्ड काढलं. नंतर बँकेला फोन करून व्याजदर अन् प्रोसेसिंग फी विचारली आणि मोठी रक्कम ईएमआयवर टाकली. किराणा गणपती पेठेतनं महिन्याचा एकदम, रोख, यादी घरूनच लिहून (बिस्किटं यादीत नाहीत, पोरं रुसतात, रुसू देत). किराण्यातनं वाचलं ते त्याच संध्याकाळी उरलेल्या बाकीत भरायचं, ड्यू डेटची वाट बघायची नाही, कारण व्याज रोजच्या बाकीवर लागतं.