जिगवर पात्याचा उतार घासताना या चुका टाळा

जिग म्हणजे सुरीचं पातं ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा. ती हातातली थरथर काढून टाकते, एवढंच. टेबल वाकडं असेल, क्लॅम्पखाली कचरा असेल, कोन चुकीचा धरला असेल, तर तीच चूक ती प्रत्येक फेरीत इमानेइतबारे करत राहते. म्हणून बेल्ट ग्राइंडर (फिरत्या घासपट्ट्याचं यंत्र) सुरू करण्याआधीची दहा मिनिटं महत्त्वाची.

सगळ्यात जास्त पाती बिघडतात ती कोन अंदाजाने लावल्यामुळे. हिशोब सोपा आहे. पात्याच्या जाडीचा अर्धा भाग घ्या, त्यातून धारेवर ठेवायच्या जाडीचा अर्धा भाग वजा करा आणि उताराच्या उंचीने (धारेपासून पाठीकडे तो जिथवर जातो त्या अंतराने) भागा. हा आला कोनाचा टॅन. पातं 3 मिमी जाड, उतार 20 मिमी उंच आणि धारेवर 0.6 मिमी ठेवायचं असेल, तर 1.2 भागिले 20 म्हणजे 0.06, कोन साधारण 3.4 अंश. आता जिग एका अंशाने चुकली तर काय होतं ते पाहा. 20 मिमी उंचीवर एका बाजूला जवळजवळ 0.35 मिमीचा फरक पडतो, दोन्ही बाजू मिळून 0.7 मिमी. म्हणजे धारेवर जेवढं ठेवायचं होतं त्याहूनही जास्त! म्हणून फोनमधल्या कोनमापकावर विसंबू नका. चुंबकाने चिकटणारा डिजिटल कोनमापक आधी प्लॅटनवर (बेल्टच्या मागच्या सपाट आधारपट्टीवर) शून्य करा, मग जिगवर लावा.

त्याआधी टेबल प्लॅटनला काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघा. बेल्ट काढून प्लॅटनवर पट्टी उभी धरा आणि मागून उजेड टाका. मधे फट दिसली तर प्लॅटन झिजलाय, आणि त्यावर उतार सपाट येणार नाही. पात्याच्या कडेला राहिलेली बर (घासताना निघालेली धातूची बारीक कोर) किंवा जिगवर साचलेला भुसा क्लॅम्पखाली गेला तरी कोन हलतो. प्रत्येक वेळी पातं पलटताना दोन्ही पृष्ठभाग पुसा. मुळात पात्याची पट्टीच वाकलेली असेल तर आधी ती सरळ करा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया.

सगळं जुळलंय का हे ओळखायला मार्करसारखं साधन नाही. उताराचा सगळा भाग रंगवा, एकच हलकी फेरी मारा आणि रंग कुठे गेला ते बघा. सुरुवातीच्या फेऱ्यांत आधी धारेकडचा रंग जायला हवा; उतार तयार झाल्यावर मात्र सगळ्या उतारावरचा रंग सारखा जायला हवा. सुरुवातीलाच पाठीकडचा गेला तर कोन उलट्या बाजूला झुकलाय. एका टोकाचा गेला तर पातं क्लॅम्पमध्ये तिरकं बसलंय.

आणखी एक सवय लावून घ्या. धारेच्या कडेवर दोन समांतर रेघा आखून घ्या आणि नवा खरखरीत बेल्ट लावण्याआधी जुन्या बेल्टवर कडेचे काटकोनी कोपरे 45 अंशांत रेघांपर्यंत उतरवा. चौकोनी कोपरा नव्या बेल्टचे दाणे ओरबाडून काढतो. महागडा सिरॅमिक बेल्ट लवकर बोथट झाला म्हणून लोक बेल्टलाच दोष देतात.

दोन्ही बाजूंचे उतार वेगवेगळ्या उंचीला आले, तर लगेच कमी उंचीची बाजू घासत सुटू नका. आधी धार मध्यावर आहे का ते तपासा. धार एका बाजूला सरकली असेल, तर तुम्ही फक्त एक बाजू जास्त घासली आहे; दुसरी थोडी घासली की हिशोब जुळतो. पण धार बरोबर मध्यावर असूनही उंची वेगळी असेल, तर कोन वेगळे आहेत. जिथे उतार बुटका तिथे कोन जास्त, तो कमी करा. हा फरक न ओळखता घासत राहिलं की पातं बारीक होत जातं आणि उतार काही जुळत नाहीत. म्हणूनच एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळू नये, चार-पाच फेऱ्यांनी बाजू बदलावी. एकाच बाजूचं जास्त लोखंड गेलं की पातं वाकण्याचा धोकाही वाढतो.

टोकाकडे जिग हमखास दगा देते, आणि त्यात तिचा दोष नाही. पातं सरळ रेषेत सरकवलं की एकच सपाट पातळी कापली जाते. टोकाजवळ धार वर पाठीकडे वळते. तिथे ती पातळी तितकी खोल जात नाही, म्हणून टोक जाड राहतं. उपाय असा: सरळ भाग झाल्यावर क्लॅम्प सैल करा, वळणाजवळची धार टेबलाला समांतर येईल असं पातं फिरवून पुन्हा बांधा आणि तेवढाच भाग घासा. मधला सांधा शेवटी बारीक बेल्टवर हाताने मिसळावा लागतो. तिथे जिगचा हट्ट सोडलेला बरा.

मुठीजवळ, उतार जिथे संपतो तिथे, दोन्ही बाजू समोरासमोर याव्यात म्हणून कडक पोलादाचा फाइल गाइड (पात्यावर दोन्ही बाजूंनी आवळायचा, घासण्याची हद्द ठरवणारा चिमटा) लावा. बेल्टची कड प्लॅटनच्या बाहेर 2–3 मिमी ठेवली की तिथे तीक्ष्ण खाच न पडता गोलसर वळण येतं. पातं थांबलेलं असताना बेल्टला टेकवू नका. आधी हालचाल, मग स्पर्श.

पाणी देण्याआधी (पातं तापवून, बुडवून कडक करण्याआधी) धारेवर 0.5 ते 0.8 मिमी राहू द्या, फार पातळ केली तर धार वाकते किंवा तडकते. पाणी दिल्यावर मात्र उष्णतेशी खेळ नाही. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग म्हणजे तापमान सुमारे 300 अंशांपर्यंत गेलं, तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. तो रंग घासून काढला तरी मऊपणा तसाच राहतो. पातं पुन्हा तापवून पाणी द्यावं लागतं, नाहीतर मऊ भाग संपेपर्यंत मागे घासावं लागतं. उघड्या बोटांनी पातं धरा, चटका लागायच्या आत पाण्यात बुडवा आणि बोथट बेल्ट दाबून चालवू नका. हातमोजे फिरत्या बेल्टजवळ नकोतच. चष्मा आणि मास्क हवेच, आणि टेबल व बेल्टमधली फट 1–2 मिमीहून मोठी नको, नाहीतर पातं आत ओढलं जातं.