ट्यूमरमधून कॅन्सर स्टेम सेल वेगळ्या करताना या चुका टाळा

कॅन्सर स्टेम सेल म्हणजे ट्यूमरमधल्या नवी गाठ धरू शकणाऱ्या पेशी. सॉर्टरवर (खुणेनुसार पेशी वेगळ्या करणारं यंत्र) त्या दिसेनात की नवखे आधी अँटिबॉडीला (पेशीवरच्या खुणेला चिकटणारं प्रथिन) नावं ठेवतात. घोळ बहुधा त्याआधीच, गाठीतल्या पेशी सुट्या करायची ट्यूब ३७ अंशांवर हलत असताना झालेला असतो.

वेळ वाचवायला ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) घालू नका. पेशी सुट्या होतात खऱ्या, पण पृष्ठभागावरचं सीडी४४ हे प्रथिनही कापलं जातं आणि पेशी ओळखायची खूण, म्हणजे मार्करच गायब होतो. गाठ स्काल्पेलने १ मिमीपर्यंत चिरा, कोलॅजिनेज (कोलॅजेन तोडणारं एन्झाइम) आणि डीएनेज-१ (डीएनए तोडणारं) घाला, दर १५-२० मिनिटांनी एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. प्रोटोकॉलमधल्या वेळेवर विसंबू नका. तंतुमय गाठ आणि मऊ गाठ एका घड्याळावर चालत नाहीत. या टप्प्यावर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) नको: कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं, डीएनेजला मॅग्नेशियम. चिकट धागे दिसले तर तो फुटलेल्या पेशींचा डीएनए. पिपेटने जोर लावून आणखी पेशी फोडू नका, डीएनेज वाढवा. मग ४० मायक्रॉनची गाळणी.

दुसरी चूक जास्त महागात पडते. २००३ साली स्तनाच्या कर्करोगात सीडी४४ पॉझिटिव्ह, सीडी२४ निगेटिव्ह किंवा कमी असलेल्या शंभरेक पेशींनी उंदरात गाठ धरली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यातली 'लिनिएज निगेटिव्ह' (इतर प्रकारच्या पेशींच्या खुणा नसलेल्या) ही अट मात्र कुणाला आठवत नाही. फायब्रोब्लास्ट आणि पांढऱ्या पेशींवरही सीडी४४ असतं. सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण), सीडी३१ (रक्तवाहिन्यांच्या पेशींची) आणि फायब्रोब्लास्टचा एक मार्कर लावून त्यांना आधी बाहेर काढा, नाहीतर गेटमध्ये (सॉर्टरवर पेशी निवडायच्या चौकटीत) भरघोस दिसणारी गर्दी ट्यूमरची नसेलच.

मृत पेशींचा डाय आणि जोडीने चिकटलेल्या पेशी गाळणारा डब्लेट गेट वगळू नका. गेट एफएमओ कंट्रोलवर (एक रंग सोडून बाकी सगळे लावलेला नमुना) ठरवा, अंदाजाने नाही. अल्डिफ्लोर (पेशीतल्या एएलडीएच एन्झाइमची चाचणी) करत असाल तर डीईएबी (ते एन्झाइम रोखणारं रसायन) कंट्रोल प्रत्येक नमुन्याचा वेगळा. कालचा आज चालत नाही.

स्फिअरसाठी (एका पेशीपासून तरंगत वाढणारा गोळा) सीरमविरहित माध्यम, ईजीएफ आणि बीएफजीएफ ही वाढीची प्रथिनं प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिली. पेशी दाट टाकल्या की त्या एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि लोक तोच गोळा स्फिअर म्हणून मोजतात. प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) एकच पेशी टाका, रोज प्लेट हलवून बघायची हौस आवरा.

उंदरातली चाचणीही परिस्थितीवर हलते. मेलानोमात पूर्वी सुमारे दहा लाखांत एक पेशी गाठ धरते असं दिसे. २००८ मध्ये अधिक दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर, मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारी जेल) आणि जास्त काळ थांबणं यांमुळे हे प्रमाण चारात एकवर गेलं. तेव्हा वारंवारतेच्या आकड्याशेजारी उंदराची जात, मॅट्रिजेल होतं की नाही आणि किती आठवडे वाट पाहिली, हेही लिहा.