सायकलचा सीट पोस्ट (सीटखालचा दांडा) बदलायचाय? नागपुरात बर्डीच्या बाजारात जायच्या आधी घरी एवढं करून ठेवा

जुना पोस्ट काढायच्या आधी फ्रेमच्या तोंडाशी त्याच्यावर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा, सीटची उंची तेवढ्यानं पक्की राहते. मग काढा अन् बुडाकडचं काळं ग्रीस फडक्यानं नीट पुसा, खाली बारीक कोरलेला आकडा दिसेल, 27.2 किंवा 30.9 किंवा 31.6 असा, तो मिलिमीटरमधला व्यास आहे, त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. सायकल सेकंड हँड असेल तर या आकड्यावर विसंबू नका, आधीच्या मालकानं चुकीचा पोस्ट टाकला असू शकतो. व्हर्नियर कॅलिपरनं फ्रेमचं भोक आतून दोन बाजूंनी मोजा, क्लॅम्प (पोस्ट आवळून धरणारी कडी) जास्त आवळून आवळून तोंड दबलेलं असते कधी कधी.

हे मी एवढं सांगून राहिलो कारण माझ्या फ्रेमला 27.2 लागत होता अन् दुकानात 27.0 होता, 0.2 नं काय होते म्हणाला दुकानदार, मी घेतला. सेमिनरी हिल्सचा चढ संपेपर्यंत सीट बोटभर खाली, गुडघे भरून आले, अन् घरी येऊन क्लॅम्प आवळला तर बोल्टचे आटेच गेले. बऱ्याच साइजा 0.2 च्या फरकानं येतात भाऊ, नेमकीच घ्या. मोठ्या भोकात बारीक पोस्ट बसवायचाच असेल तर त्या मापाची शिम (मधली जागा भरणारी धातूची नळी) घ्या, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून घालू नका.

लांबी पण मोजा. पोस्टवर मिनिमम इन्सर्शनची, म्हणजे कमीत कमी किती आत पाहिजे ते सांगणारी रेघ असते, सीट तुमच्या उंचीवर असताना ती फ्रेमच्या आतच पाहिजे, नाहीतर फ्रेमला तडा जातो, म्हणून उंच माणसानं 300 मिमीऐवजी 350 किंवा 400 चा पाहावा. वरचं डोकं सरळ आहे का मागे झुकलेलं, तेही जुन्यासारखंच घ्या, नाहीतर हँडलपर्यंतचं अंतर बदलते. सीटच्या रेल (खालच्या दोन सळ्या) साध्या गोल 7 मिमीच्या असतील तर पोस्टच्या डोक्यावरच्या क्लॅम्पची चिंता नाही.

पिशवीत जुना पोस्ट, ॲलन की अन् ग्रीसची डबी. फ्रेम स्टीलची अन् पोस्ट ॲल्युमिनियमचा असेल तर ग्रीस लावल्याशिवाय बसवूच नका, पावसाचं पाणी आत जाऊन दोन्ही धातू असे धरतात की हलत नाहीत, पावसाळा संपला की एकदा काढून पुसून परत लावा. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस नाही, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट.

बसवल्यावर नवीन टेप मारा, फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारून या अन् टेप जागेवर आहे का पाहा.